नाव घेतल्याशिवाय सुरी नाही

आमच्या ऑपरेशन थिएटरात सुरी माझ्या हातातून डॉक्टरच्या हातात जाते, आणि मला पटल्याशिवाय ती जात नाही. एकतीस वर्षं झाली. प्रोफेसर आले, प्रोफेसर गेले, सोव्हिएत काळातले दिवे जाऊन कोरियन दिवे आले, पण ट्रे माझाच आहे. माझं नाव उरुमकान. बिश्केकमधल्या या मणक्यांच्या विभागात सगळे मला 'एजे' म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

बेर्मेत पहिल्यांदा आली तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेल. डोंगरातल्या अत-बाशीची पोरगी, गालांवर थंडीने फुटलेले लाल चट्टे, आणि आवाज असा की कुरणात उभं राहून मेंढ्यांना हाका मारत मोठी झाली आहे हे लगेच कळावं. विभागप्रमुख शेर्मात कादिरोविच तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "मणक्याचं काम म्हणजे सुतारकाम, पोरी. बाईमाणसाने सुतारकाम केलेलं मी अजून बघितलेलं नाही."

"मी पुरुषांनी केलेलं बघितलंय," ती म्हणाली. "आमच्या वसतिगृहातलं एक दार लागत नाही."

मी मास्कच्या आत हसले. प्रोफेसरांनी ते ओळखलं, आणि त्या दिवसापासून पोरीला जुंपलं. तीन वर्षं तिने दुसऱ्यांच्या ऑपरेशनात नुसते स्नायू ओढून धरले. सहा-सहा तास. बाहेर आली की बोटं उघडायची नाहीत. मी तिच्या हातात गरम चहाची वाटी कोंबायचे आणि शिव्या द्यायचे, "कशाला मरतेस? डोळ्यांची डॉक्टर हो. बसून काम असतं."

"एजे, आज मी आतला मज्जारज्जू बघितला. धडधडत होता!" असं म्हणायची. तिला काय बोलणार?

मेजवानीत आमच्याकडे मेंढीचं प्रत्येक हाड मानाप्रमाणे वाटलं जातं. मोठ्यांना मोठी हाडं जातात, आणि मणके उरतात ते आम्हा बायकांच्या ताटात. बेर्मेत ते मणके रुमालात बांधून घरी न्यायची. उकळून, घासून, स्वच्छ करून त्यात स्क्रू बसवायचा सराव करायची. लग्न होऊन कोचकोरला सासरी गेली तरी ही खोड गेली नाही. एकदा सासरेबुवा सकाळी उठून आले, तर नवी सून स्वयंपाकघरात त्यांचंच ड्रिल घेऊन आदल्या दिवशीच्या मटणाच्या हाडांना भोकं पाडतेय. त्यांनी चहा घेतला नाही, सरळ घोड्यावर बसले आणि भावाकडे गेले. "तालायने बायको आणली नाही, गवंडी आणलाय," असं तिथे म्हणाले म्हणे. तालाय म्हणजे तिचा नवरा. शाळेत भूगोल शिकवतो, गरीब स्वभावाचा आहे. या गोष्टीत त्याचं काम एवढंच.

सासरेबुवांचं मात्र तसं नाही. एसेनकुल उमेतालियेव हे नाव कोचकोरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोक-बोरूच्या खेळात, म्हणजे घोड्यावरून बकऱ्याचं धड पळवून हौदात टाकायच्या आमच्या खेळात, वीस वर्षं त्यांच्या हातून धड कुणी हिसकावलं नाही. नाव सगळ्यांना ठाऊक, आणि घरातली एक व्यक्ती ते कधी उच्चारू शकत नव्हती. आमच्यात सून सासरच्या थोरांचं नाव घेत नाही. सासऱ्याचं नाही, त्यांच्या भावांचं नाही, सासऱ्याच्या बापाचं तर मुळीच नाही. सगळे 'अता', म्हणजे वडील. मी स्वतः सत्तावीस वर्षं माझ्या सासऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही, आणि ते काही फार प्रेमळ गृहस्थ नव्हते.

पुढे बेर्मेत दोन वर्षं अंकाराला शिकून आली. येताना नवी अवजारं आणील असं मला वाटलं होतं. तिने आणला तो एक नियम.

मणके दिसायला सगळे भाऊ-भाऊ. मोजताना एक इकडचा तिकडे झाला की चांगला मणका फोडला जातो आणि मोडका तसाच राहतो. असं आपल्या देशात किती वेळा होतं, हा तिने संशोधनाचा विषय घेतला. सगळे हसले. ती सात इस्पितळं फिरली, एक्केचाळीस सर्जनांना भेटली. त्यातले सव्वीस म्हणाले, आमच्याकडे असलं काही होत नाही. पंधरा जणांनी उठून दार लावून घेतलं आणि सांगितलं. एक सत्तरीचा सर्जन तर रडला. ते पंधरा कोण हे तिने मलाही कधी सांगितलं नाही, आणि मी किती खनपटीला बसते ते सगळ्यांना माहीत आहे.

तर नियम असा. रुग्णाला भूल द्यायच्या आधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं. सर्जनने रुग्णाचं नाव मोठ्याने घ्यायचं, कुठला मणका ते सांगायचं. रुग्णाने 'मीच तो' म्हणायचं. रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, उजेडाच्या पाटीवर लावलेल्या क्ष-किरण फोटोवरचं नाव वाचायचं. तिन्ही जुळली तरच मी ट्रे उघडायचा.

"आणि तुम्हीच विसरलात तर?" मी विचारलं.

"तर मलासुद्धा सुरी द्यायची नाही, एजे. नाव नाही तर सुरी नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

प्रोफेसर कुरकुरले. "चाळीस वर्षं मी काय तोंड न उघडता कापत होतो?" पण वर्षभरात तेसुद्धा घसा खाकरून नावं पुकारायला लागले. त्या संशोधनावर बेर्मेत डॉसेंट, म्हणजे सहयोगी प्राध्यापक झाली, विद्यार्थी तिला अदबीने, बापाचं नाव जोडून, बेर्मेत असानोव्ना म्हणायला लागले. मला तिचा इतका अभिमान वाटायचा की मी तिला उगाचच जास्त बोलायचे.

मग तिने दुसरा विषय काढला, आणि हा तिच्या जिवाचा होता. कोक-बोरूचे म्हातारे स्वार. तरुणपणी शंभर वेळा पडलेल्या माणसाच्या मणक्यांचं पुढे काय होतं? गावोगाव जाऊन ती स्वारांना हुडकायची, गोड बोलून बिश्केकला आणायची, पाठीचे फोटो काढायची. फोटो बघताना नाचायची अक्षरशः. "एजे, हा बघा, तीन मणके मोडलेत आणि ह्याला पत्ता नाही! म्हणतो, हवा बदलली की कंबर धरते!" सासऱ्याचा थोरला भाऊ, मुकाय, हौसेने आला, फोटो काढून गेला. सासरे आले नाहीत. "माझा कणा मोजायला मी काय बाजारातला मेंढा आहे?" म्हणाले.

आता नौरूझचा, म्हणजे वसंतातल्या नववर्षाचा दिवस. बेर्मेत सासरी सुमोलोक, म्हणजे मोडाच्या गव्हाची सणाची खीर, ढवळायला गेलेली, मी इथे ड्युटीवर. दुपारी दीडला तिचा फोन आला. मागे अँब्युलन्सचा भोंगा.

"एजे, थिएटर तयार करा. अता पडलेत."

मैदानात म्हाताऱ्या स्वारांचा सामना ठेवला होता, नुसता गमतीचा. एसेनकुलना त्रेसष्टावं लागलंय. जित्याची खोड! घोडा घसरला, ते पाठीवर आपटले, आणि वरून दुसरा घोडा गेला. उजव्या पायाचा अंगठा जेमतेम हलत होता. डावा पाय निपचित.

"शेर्मात कादिरोविचना बोलवा," ती म्हणाली. "आणि आयपेरीला सांगा, अतांचे फोटो पाटीवर लावून ठेव. तिथल्या इस्पितळातून पाठवलेत."

आयपेरी म्हणजे आमची रेसिडेंट. मी निरोप दिला, आणि बेर्मेतने तीन तास बूमच्या घाटातून सासऱ्याची मान दोन्ही हातांत धरून प्रवास केला.

घरच्या माणसावर सर्जनने सुरी चालवू नये, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिवशी होतं कोण? एक सर्जन सोल शहरात, एक ओश शहरात, आणि प्रोफेसरांच्या हातांचे अंगठे संधिवाताने वाकडे झालेले. ते आले, अतांचे पाय टाचणीने तपासले आणि बाजूला येऊन बेर्मेतला म्हणाले, "मज्जारज्जू दबलाय, तुटलेला नाही. मोकळा केला तर पाय येईल. सकाळपर्यंत थांबलो तर देव जाणे. मी समोर उभा राहतो, पण हात तुझे."

तिचे हात थरथरत नव्हते. मी बघितलं. चेहरा मात्र पिठासारखा पांढरा. पाटीवर फोटो लागले होते. ती दोन मिनिटं पाहत राहिली. "कमरेचा दुसरा," म्हणाली. "चेपलाय. चला."

अतांना आत घेतलं. गळ्याला पट्टा, डोळे सताड उघडे, मिशा अजून चिखलाने भरलेल्या. दिव्यांकडे बघत म्हणाले, "इथे तर लग्नाचा उजेड आहे. नवरी कोण?"

"मी," मी म्हटलं. "गप्प पडा."

"बरं झालं विचारलं. मी जातो मग," म्हणाले. अशा वेळी माणूस थट्टा करतो तेव्हा तो किती घाबरलाय ते आम्हाला कळतं.

भूलतज्ज्ञाने सुई हातात घेतली. आणि सगळे थांबले. नियमाप्रमाणे.

बेर्मेत टेबलाशी आली. तोंड उघडलं. "रुग्णाचं नाव..." आणि पुढे काही नाही. मास्कच्या वरचे डोळे माझ्याकडे वळले. मला तेव्हा उमगलं. सात वर्षांत शेकडो नावं पुकारलेली बाई, आणि हे एक नाव तिच्या घशातून येईना. एकोणीस वर्षं सून म्हणून राहिलेली ती. आणि समोर तो माणूस टक्क जागा, ऐकतोय.

मी काय केलं ते सांगते, आणि मला त्याची लाज वाटते. मला तिची दया आली. मी म्हटलं, "बेर्मेत, राहू दे. मी घेते नाव. तू नुसती मान हलव."

प्रोफेसरही पुटपुटले, "हो, हो. तिला कशाला अवघडवता? आपण काय अतांना ओळखत नाही? अख्खा देश ओळखतो." भूलतज्ज्ञाने मान डोलावली. आयपेरीसुद्धा 'हो ना' म्हणाली. सगळे किर्गीझ, सगळ्यांना कळतं. एका सुनेची लाज राखायला चार शहाणी माणसं नियम गुंडाळायला निघाली होती.

बेर्मेतने डोळे मिटले. मला वाटलं, मान हलवणार. माझा हात ट्रेच्या कापडावर गेलासुद्धा.

"खोळंबा कसला?" टेबलावरून अतांनी विचारलं.

"अता," ती म्हणाली, "इथे कापायच्या आधी सर्जनला माणसाचं नाव घ्यावं लागतं. मीच घालून दिलाय तो नियम."

म्हाताऱ्याने छताकडे बघतच विचारलं, "सगळ्यांचं घेतेस?"

"सगळ्यांचं."

"हं," ते म्हणाले. हो नाही, नको नाही.

तेव्हा बेर्मेत दोन पावलं मागे सरली. निर्जंतुक हात छातीशी धरूनच, सून थोरांपुढे वाकते तशी कमरेतून वाकली. मग ताठ उभी राहिली, आणि अत-बाशीच्या कुरणातला तो जुना आवाज बाहेर आला.

"एसेनकुल उमेतालियेव! कमरेचा दुसरा मणका!"

थिएटरच्या काचा हादरल्या असतील.

"मीच तो," अता म्हणाले.

"आयपेरी, फोटो," बेर्मेत म्हणाली.

आयपेरी पाटीकडे वळली. वाचायला लागली आणि थांबली. जवळ गेली. "बेर्मेत असानोव्ना... यावर मुकाय उमेतालियेव आहे."

मी ट्रेवरचा हात मागे घेतला. प्रोफेसर आपलं वय विसरून पाटीकडे धावले.

सगळा उलगडा व्हायला मिनिटभर लागलं. बेर्मेतने आपल्या संशोधनाच्या यादीत शंभरावर स्वारांची नावं नीट लिहिली होती. फक्त थोरल्या चुलतसासऱ्यांच्या, म्हणजे मुकायच्या, ओळीत नाव लिहायला तिची बोटं वळली नव्हती. तिथे तिने 'अता' लिहिलं होतं. आता 'अतांचे फोटो लाव' म्हटल्यावर आयपेरीने संगणकावर 'अता' शोधलं. एकच सापडलं, तिने लावलं. आडनाव तेच, घराणं तेच, आणि मुकायचा कमरेचा दुसरा मणका खरोखर चेपलेला. तीस वर्षांपूर्वीचा, कधीच सांधलेला. कोचकोरहून आलेला फोटो तसाच पडून होता.

आयपेरीने तो लावला. छातीचा बारावा मणका, सगळ्यात खालचा, फुटून त्याचा तुकडा मज्जारज्जूवर टेकलेला. दोन मणके वर.

"ऑपरेशन चालू असताना क्ष-किरण मशीनवर कळलं असतं आपल्याला," प्रोफेसर म्हणाले. मग खुर्चीवर बसले. "कदाचित."

बेर्मेत दोन्ही फोटोंसमोर जाऊन उभी राहिली. जुना सांधलेला मणका आणि नवा फुटलेला मणका यांतला फरक ती एरवी झोपेतही ओळखते. त्या दिवशी तिला फोटोत मणका दिसला नव्हता, सासरा दिसला होता. ते पंधरा सर्जन दार लावून जे सांगत होते, ते तिच्या हातून पाच मिनिटांत होणार होतं. आणि मी, शपथ घेतलेली मी, ट्रे उघडायला निघाले होते.

"काय झालं?" अता टेबलावरून ओरडले. "मी आहे की नाही मी?"

"तुम्हीच आहात!" बेर्मेत म्हणाली. ती हसत होती का रडत होती, देव जाणे. "पुन्हा सुरुवात. सगळे थांबा. एसेनकुल उमेतालियेव! छातीचा बारावा मणका!"

दुसऱ्यांदा नाव सोपं गेलं, तेही माझ्या लक्षात आलं.

"मीच तो! किती वेळा सांगू?"

"एसेनकुल उमेतालियेव," आयपेरीने वाचलं, एकेक अक्षर बोट ठेवून. मग मी ट्रे उघडला.

पुढचे तीन तास मी जन्मात विसरणार नाही. मी हजारो ऑपरेशनं बघितली आहेत आणि निम्म्या वेळा मला मनात कांदे-बटाटे आठवत असतात. त्या दिवशी पापणी लवू दिली नाही. वर दोन स्क्रू, खाली दोन स्क्रू, एकही फुकट गेला नाही. ती हात पुढे करायच्या आधी माझ्या हातात अवजार तयार असायचं. शेवटी तिने तो हाडाचा तुकडा चिमट्याने उचलला, नखाएवढा, आणि खाली मज्जारज्जू हळूच वर आला, धडधडायला लागला.

"बघा एजे," ती कुजबुजली.

"बघतेय," मी म्हटलं. माझा चष्मा धुरकटला होता.

पण धडधडणं वेगळं आणि पाय हलणं वेगळं. भूल उतरली, नळी काढली. अतांच्या पापण्या हलायला लागल्या. आम्ही पाचही जण पायांशी जमलो. बेर्मेतने चादर वर केली.

"अता, उजवा पाय हलवा."

काही नाही.

"अता! ऐकू येतंय का? उजवा अंगठा हलवा."

काही नाही. दुपारी जो जेमतेम हलत होता तोही मेल्यासारखा. बेर्मेतने माझा दंड धरला, तिची नखं मला कपड्यातून टोचली. प्रोफेसरांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं सगळं.

मग तिने माझा दंड सोडला, टेबलाच्या डोक्याशी गेली, त्यांच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "एसेनकुल उमेतालियेव! उजवा पाय!"

अंगठा हलला. नुसता अंगठा नाही, आख्खं पाऊल टाचेपासून झटक्याने वर आलं. आयपेरी किंचाळली. प्रोफेसर 'शाबास, शाबास' म्हणत माझ्याच पाठीवर थापा मारायला लागले.

म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. "कोण ओरडतंय माझ्या नावाने?"

"मी, अता."

"'अता, अता' काय लावलंयस मघापासून? आमच्या घरात अता पाच आहेत." जीभ जड होती, तरी मिशीत हसू होतं. "घ्यायचं तर पुरं घे. बापाचं नाव कुठाय?"

सासऱ्याच्या बापाचं नाव! आमच्या कुठल्याही सुनेला विचारा, ते ती मेल्यावरसुद्धा घेणार नाही. बेर्मेतने एकदा माझ्याकडे पाहिलं. या खेपेला मी तोंड बंद ठेवलं.

ती पायांशी आली. डावा पाय कोचकोरपासून तसाच पडून होता. तिने त्याला हात लावला नाही, नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"एसेनकुल दुइशोनोविच उमेतालियेव," ती म्हणाली, आता ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात. "डावा पाय."

डाव्या पायाची करंगळी आधी हलली, मग तिच्या शेजारचं बोट, आणि मग अंगठा.